टिपूर चांदण्यात उल्का कशा पाहाव्यात: नागपूरकरांसाठी

उल्कावर्षावाची बातमी पेपरात येते तेव्हा "तासाला दीडशे उल्का" हा आकडा मथळ्यात असतो आणि "चंद्रप्रकाशाचा अडथळा राहील" हे वाक्य शेवटच्या ओळीत. नवखा माणूस मथळा वाचून गच्चीवर जातो, पंधरा मिनिटं मान वर करून उभा राहतो, काही दिसत नाही म्हणून खाली येऊन झोपतो. थोडा जाणकार शेवटची ओळ वाचतो आणि गच्चीवर जातच नाही. दोघांचीही रात्र वाया जाते. पौर्णिमेलाही उल्का दिसतात. कमी दिसतात, पण दिसतात त्या ठसठशीत असतात. फक्त कोणता वर्षाव, किती वाजता, कुठे बसून आणि कुणीकडे तोंड करून, हे आधी ठरवावं लागतं. नागपूर आणि आसपासच्या मंडळींसाठी ते इथे क्रमानं सांगतो. दिलेल्या वेळा नागपूरच्या आहेत, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे धरा.

आधी समजून घ्या: चंद्र नेमकं काय बिघडवतो

चांदण्या रात्री उल्का कमी पडत नाहीत. धूमकेतूनं किंवा लघुग्रहानं मागे सोडलेले कण पौर्णिमेला जितके वातावरणात शिरतात तितकेच अमावास्येलाही शिरतात आणि जमिनीपासून साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर जळून जातात. बिघडते ती पार्श्वभूमी. चंद्राचा प्रकाश हवेत विखुरतो, आकाश दुधाळ होतं आणि मंद उल्का त्यात विरून जातात.

ताऱ्यांचं तेज 'प्रत' या मापात सांगतात. आकडा जितका मोठा तितका तारा मंद. अगदी काळ्याभोर आकाशात चांगल्या नजरेला साधारण ६.५ प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. पूर्ण चंद्र वर आला की ही मर्यादा चारच्या आसपास घसरते. ऐकायला अडीच पायऱ्या, पण उल्कांमध्ये गर्दी सगळी मंद उल्कांची असते. डिसेंबरातल्या मिथुन उल्कावर्षावात, म्हणजे जेमिनिड्समध्ये, नजरेची मर्यादा एक पायरी घसरली की दिसणाऱ्या उल्का अडीच पटींहून थोड्या जास्तच कमी होतात.

पेपरातला दीडशेचा आकडा काळंभोर आकाश आणि उगमबिंदू बरोबर डोक्यावर असं गृहीत धरून काढलेला असतो. उगमबिंदू म्हणजे आकाशातली ती जागा, जिथून सगळ्या उल्का फुटल्यासारख्या वाटतात. आता नजरेची मर्यादा ५ झाली की दीडशेचे उरतात साधारण ३५. मर्यादा ४ झाली की १३-१४. आणि ३.३ वर आली की जेमतेम सात. तेही वर्षाव ऐन भरात असताना. म्हणजे पौर्णिमेच्या रात्री तासाला डझनभर उल्का दिसल्या तर तुमचं काम फत्ते झालं असं समजा.

यात नागपूरकरांसाठी एक वेगळी गोष्ट आहे. धरमपेठ, सीताबर्डी, सदर, मानेवाडा, कुठेही राहत असाल तरी दिव्यांचा एक चंद्र तुमच्या डोक्यावर बारा महिने उगवलेलाच असतो. तुमचं आकाश अमावास्येलाही ६.५ चं नसतं, त्यामुळे खऱ्या चंद्रानं तुमचं होणारं नुकसान जंगलात बसलेल्या माणसापेक्षा कमी. पेंचमध्ये पौर्णिमा आणि अमावास्या यांत जमीन-अस्मानाचा फरक. शहरातल्या गच्चीवर तेवढा नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: टिपूर चांदण्याच्या रात्री पेट्रोल जाळून पेंचसारख्या लांबच्या अंधारात जाण्यात अर्थ नाही. लांबचा अंधार अमावास्येसाठी राखून ठेवा.

आणखी एक. अर्धा चंद्र म्हणजे अर्धा उजेड नव्हे. अष्टमीचा चंद्र पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण एक-दशांशच प्रकाश देतो. "चंद्र आहे" एवढंच ऐकून बेत रद्द करू नका, किती आहे ते विचारा.

पहिली पायरी: वर्षाव निवडा

चांदण्यात प्रत्येक वर्षावासाठी जागण्यात अर्थ नसतो. ज्यात मुळातच उल्का भरपूर आणि ठळक, त्यासाठीच झोपमोड करायची.

जेमिनिड्स या कसोटीला सगळ्यात चांगले उतरतात. दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या आसपास भर येतो. वेग सेकंदाला ३५ किलोमीटर, म्हणजे उल्कांच्या हिशेबात मध्यम, त्यामुळे "ती बघ" म्हणेपर्यंत शेजारच्यालाही कधीकधी दिसते. याचा मूळ स्रोत धूमकेतू नाही, तर फेथॉन नावाचा लघुग्रह आहे. तो १९८३ मध्ये सापडला. शिवाय डिसेंबरात नागपूरचं आकाश बहुधा निरभ्र असतं, आणि उगमबिंदू आपल्याकडून जवळजवळ डोक्यावर, ७८ अंशांपर्यंत चढतो. युरोपवाले मोठ्या कौतुकानं ऑगस्टच्या पर्सिड्सबद्दल लिहितात. आपल्याला त्याचा उपयोग नाही. तेव्हा चंद्र दिसला तरी बातमी व्हावी असे ढग असतात.

ऑक्टोबरचे ओरायनिड्स आणि नोव्हेंबरचे लिओनिड्स पूर्ण चंद्रात सोडून द्या. ओरायनिड्सचा अंधारातला दर वीसच्या आसपास, चांदण्यात तासाला दोन. कोजागिरीला मंडळी मसाला दूध घेऊन मध्यरात्रीपर्यंत गच्चीवर असतातच, तेव्हा जाता-येता एखादी दिसली तर ती दुधावरची साय समजा.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातले टॉरिड्स मात्र लक्षात ठेवा. संख्या नगण्य, तासाला चार-पाच. पण संथ असतात आणि त्यांच्यात अग्निगोल बरेच निघतात. शुक्रापेक्षा तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात, आणि त्याला पूर्ण चंद्रही झाकू शकत नाही. यासाठी खास जागरण नको. रात्री बाहेर असलात तर वर लक्ष असू द्या, इतकंच.

जानेवारीच्या ३-४ तारखेचे क्वाड्रंटिड्स जोरदार असतात, पण भर जेमतेम काही तासांचा आणि नागपुरात उगमबिंदू रात्री एकच्या सुमारास उगवतो. भर नेमका आपल्या पहाटे आला तरच विचार करा.

दुसरी पायरी: भिंतीवरचं कॅलेंडर काढा

यासाठी अॅपची गरज नाही. तिथी कळली की चंद्राचं वेळापत्रक कळतं. शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, कृष्ण अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, आणि दर तिथीला ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे शुक्ल एकादशीला चंद्र अडीचच्या आसपास जाईल. संकष्टीचा चंद्रोदय तर घराघरात पाठ असतो: साडेआठ-नऊ-साडेनऊ. उपास सोडायला जी वेळ त्रासाची वाटते, तीच उल्का पाहणाऱ्याची चैन. चंद्र उगवेपर्यंतचा सगळा अंधार आपला. कॅलेंडरात मुंबईची वेळ असेल तर नागपुरात चंद्र त्याच्या साधारण २५ मिनिटं आधी उगवतो, कारण आपण सहा अंश पूर्वेला आहोत.

नियम साधा. शुक्ल पक्षात चंद्र मावळल्यावर पाहा, कृष्ण पक्षात चंद्र उगवण्याआधी. त्यातही शुक्ल पक्ष जास्त सोयीचा, कारण बहुतेक वर्षावांचा उगमबिंदू मध्यरात्रीनंतर वर येतो आणि तेव्हा चंद्र घरी गेलेला असतो.

उदाहरण म्हणून २०२६ चे ओरायनिड्स घ्या. भर २१-२२ ऑक्टोबरला, पौर्णिमा २६ ला. चंद्र मोठा आहे म्हणून बरेच जण झोपून राहतील. पण तो पहाटे अडीचच्या आत मावळतो आणि मृग नक्षत्राशेजारचा उगमबिंदू साडेचारला सर्वांत उंच असतो. अडीच ते पाच, पुरेपूर अंधार. चांदण्याची अडचण पुष्कळदा अशी तिथी पाहून निम्मी सुटते.

उरतात त्या पौर्णिमेच्या आगेमागे दोन-तीन दिवसांच्या रात्री. तेव्हा पळवाट नाही, चंद्र रात्रभर डोक्यावर. पुढच्या पायऱ्या मुख्यतः त्यांच्यासाठी.

तिसरी पायरी: चंद्र आणि शहर एकाच बाजूला ठेवा

नवख्यांना हे कुणी सांगत नाही, आणि सगळ्यात जास्त फायदा याचाच होतो. आकाशात दोन उजेड आहेत, एक चंद्राचा आणि एक नागपूरचा. ते दोन वेगवेगळ्या बाजूंना असले तर चांगली दिशाच उरत नाही. दोन्ही एकाच बाजूला आले, तुमच्या पाठीमागे, तर समोरचं अर्धं आकाश वापरण्याजोगं राहतं.

पौर्णिमेचा चंद्र संध्याकाळी पूर्वेला आणि पहाटे पश्चिमेला असतो. म्हणून संध्याकाळी पाहायचं तर शहराच्या पश्चिमेला जा: काटोल रोड, कळमेश्वर, कोंढाळीकडे. पाठ पूर्वेला, तिथे चंद्रही आणि नागपूरही. पहाटे पाहायचं तर ईशान्येला: मनसर, रामटेक, खिंडसी तलावाची बाजू. तिथे पश्चिमेकडे पाठ केली की शहराचा उजेडही मागे जातो. उत्तरेला कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं आणि दक्षिणेला मिहान-बुटीबोरीचा पट्टा, या दोन्ही बाजू टाळलेल्या बऱ्या. फुटाळ्याचं तर नावच नको. दिवे, गाड्या, भुट्टेवाले, उल्का सोडून सगळं पाहायला मिळेल.

तीस-चाळीस किलोमीटर बाहेर जाण्याचा चांदण्या रात्री दुसराही एक फायदा असतो: हवा. थंडीत शहरावर धुराचा, धुळीचा थर साचतो आणि तो चंद्रप्रकाश आणखी पसरवतो. आपल्या शहराची हवा कशी आहे ते गच्चीवरूनच तपासा. हात लांब करून मुठीनं चंद्र झाका. मुठीच्या कडेला आकाश लगेच गडद दिसलं तर हवा स्वच्छ, आणि मुठीभोवती पांढुरका फुगा दिसला तर हवेत कचरा आहे. चंद्राला मोठं खळं पडलं असेल तर वर पातळ ढग आलेत, सरळ झोपा. उत्तरेकडून कोरडं वारं सुटून थंडी कडक झालेली रात्र सगळ्यात चांगली.

बाहेर जाणार असाल तर ओळखीच्या शेतावर जा, मालकाला सांगून जा, आणि धुऱ्यावरून रात्री भटकू नका. रानडुकरांपासून पीक वाचवायला काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत वीज सोडलेली असते; विदर्भात त्यानं माणसं मेली आहेत. बूट घाला. जंगलाच्या कडेला, तलावाच्या काठाला एकटं बसू नका. चांदणं असलं तरी बिबट्याला तुमच्यापेक्षा चांगलं दिसतं.

आणि गच्ची? पहिल्या खेपेला गच्चीच घ्या. जिन्यावरची खोली किंवा पाण्याची टाकी अशी आडोशाला धरा की चंद्र थेट डोळ्यांत येणार नाही. तुम्ही सावलीत, समोर मोकळं आकाश. रस्त्याचा दिवा डोळ्यांवर येत असेल तर दोरीवर चादर टाकून आडोसा करा. शेजारचे काका विचारतील, "काय पाहून राहिले बाप्पा एवढ्या रात्री?" त्यांनाही बसवून घ्या, डोळे वाढतात.

चौथी पायरी: रात्रीची आखणी

इथे सगळ्यात कठीण रात्र घेऊन पाहू: १४ डिसेंबर २०२७ ची, उजाडली की १५ तारीख. पौर्णिमा आदल्या दिवशी, १३ ला. जेमिनिड्सचा भर या रात्री मध्यरात्रीनंतर. आणि चंद्र नेमका उगमबिंदूजवळच, कारण मार्गशीर्षातला मोठा चंद्र मृग-आर्द्रा-पुनर्वसूच्या भागातच फिरतो आणि पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपैकी कॅस्टरशेजारीच जेमिनिड्सचा उगम. याहून वाईट मांडणी शोधून सापडणार नाही. या रात्री जमलं तर कुठल्याही रात्री जमेल.

उगमबिंदू संध्याकाळी सातनंतर ईशान्येला उगवतो. आठ ते साडेनऊ या वेळात तो क्षितिजाजवळ असतो, त्यामुळे उल्का थोड्या, पण वातावरणाला घासत आलेल्या, लांबलचक, संथ. अर्धं आकाश ओलांडणारी एखादी दिसते. चंद्र तेव्हा पूर्वेला तिसेक अंशांवर, म्हणजे टाकीची सावली लांब पडते. सावलीत बसा आणि पश्चिमेकडे, वायव्येकडे तोंड करा. मुलांसाठी हीच वेळ. दुसऱ्या दिवशी शाळा असते.

दहा ते साडेतीन झोपून घ्या. हा सल्ला ऐकून लोक चमकतात, कारण सगळीकडे लिहिलेलं असतं की उगमबिंदू दोनच्या सुमारास सर्वांत उंच, तेव्हाच पाहा. अंधाऱ्या रात्री ते खरं. पण या रात्री चंद्रही एकच्या सुमारास नागपूरच्या जवळजवळ डोक्यावर असतो. सावली पायाखाली, सगळं आकाश सारखंच उजळलेलं, कुठेही तोंड केलं तरी तेच.

साडेतीनला उठा. चारला चंद्र पश्चिमेला कलून पन्नासेक अंशांवर येतो, सव्वापाचला ३५ वर. उगमबिंदू तेव्हाही पन्नास-साठ अंश उंच, म्हणजे उल्कांचा पुरवठा चालूच. आता पूर्वेकडे तोंड करा, नजर क्षितिजापासून ४५-५० अंशांवर. हात ताठ केला की मुठीची रुंदी साधारण १० अंश, म्हणजे क्षितिजापासून पाच मुठी. हा भाग चंद्रापासून ऐंशी-नव्वद अंश दूर पडतो आणि विखुरलेला चंद्रप्रकाश तिथे सर्वांत कमी असतो. समोर स्वाती आणि चित्रा, वर मघा, डावीकडे सप्तर्षी. पुनर्वसूकडे पाहत बसायचं नाही. उल्का त्या दिशेनं येत असल्या तरी दिसतात सगळ्या आकाशात, आणि उगमापासून दूर त्यांच्या रेघा लांब असतात. साडेपाचपर्यंत झुंजूमुंजू व्हायला लागतं.

या रात्री कुणी विचारलं की फक्त एक तास जागायचं तर कोणता, तर उत्तर सव्वाचार ते सव्वापाच.

पाचवी पायरी: अरुंधतीला विचारा

बसल्यावर पहिली दहा मिनिटं उल्का विसरा आणि तुमचं आकाश किती प्रतीचं आहे ते ठरवा. पहाटे सप्तर्षी समोर असतात, तेच माप. चौकोन आणि शेपटी जिथे जुळतात तिथला तारा अत्री, सातांत सर्वांत मंद, ३.३ प्रतीचा. तो दिसत नसेल तर आकाश फारच वाईट आहे, जागा बदला. अत्री दिसतो पण शेपटीतल्या मधल्या ताऱ्याशेजारची, म्हणजे वसिष्ठाशेजारची अरुंधती दिसत नाही, तर तुम्ही ३.३ आणि ४ च्या मध्ये. अरुंधती ४ प्रतीची. ती दिसली की वरच्या गणिताप्रमाणे तासाला डझनभर उल्कांची आशा ठेवायला हरकत नाही. लग्नात जी पाहिल्याचा देखावा होतो, ती इथे खरोखर पाहावी लागते.

संध्याकाळच्या सत्रात सप्तर्षी नसतात. तेव्हा उत्तरेकडची शर्मिष्ठा घ्या. पाच ताऱ्यांतला टोकाचा, सर्वांत मंद तारा ३.४ प्रतीचा आहे.

हे माप घेतलं की दोन फायदे होतात. निराशा होत नाही, कारण काय दिसायला हवं ते आधीच ठाऊक असतं. आणि हे माप घेईपर्यंत डोळेही अंधाराला सरावलेले असतात. पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. चांदण्यात ते कधीच पूर्ण होत नाही, पण मोबाइलची स्क्रीन एकदा पाहिली की होतं तेही जातं. घड्याळ पाहायला टॉर्चवर लाल जिलेटिन कागद गुंडाळा. व्हॉट्सअॅप सकाळी.

सहावी पायरी: आडवे व्हा

दुर्बीण नको, टेलिस्कोप नको. दोन्हींत आकाशाचा चिमूटभर तुकडा दिसतो आणि उल्का बाकीच्या आकाशात पडतात. गादी किंवा सतरंजी टाका, उशी घ्या, आडवे व्हा. उभं राहून पाहणारा वीस मिनिटांत मानेमुळे हरतो.

नागपूरची डिसेंबरची पहाट हलक्यात घेऊ नका. पारा दहाच्या आसपास उतरतो, गच्चीचा स्लॅब रात्रभर थंड झालेला असतो आणि हालचाल नसल्यानं थंडी दुप्पट लागते. गादीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरा, वर गोधडी, कानटोपी, पायात दोन मोजे. दव पडतं, म्हणून वर एक प्लास्टिक असू द्या. थर्मासमध्ये चहा, हाताशी शेंगदाणे आणि संत्री. मच्छर असतील तर कॉइल पायथ्याशी लावा, डोक्याशी नको. धूर नजरेसमोर येतो.

नजर एका ताऱ्यावर खिळवू नका. ठरवलेल्या भागात सैल ठेवा. उल्का बहुतेक वेळा नजरेच्या कडेला हलते आणि मग आपण तिकडे वळतो. सलग तासभर पाहा. उल्का सारख्या अंतरानं पडत नाहीत. वीस मिनिटं काहीच नाही आणि मग दोन मिनिटांत तीन, असं सर्रास होतं. लोक बहुधा एकोणिसाव्या मिनिटाला उठतात.

दोघं असाल तर दिशा वाटून घ्या. एकानं पूर्व, दुसऱ्यानं उत्तर.

काय उल्का नाही

चांदण्यात मंद गोष्टी गायब होतात, त्यामुळे फसवणाऱ्याही कमी होतात. विमानं मात्र राहतात. देशाच्या मधोमध असल्यानं नागपूरवरून रात्रभर विमानं जातात. लुकलुकतात, दोन-तीन मिनिटं दिसतात. उपग्रह लुकलुकत नाही, संथ सरकतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की विझतो. उल्का बहुधा एका सेकंदाच्या आत संपते.

पाच-दहा सेकंदांहून जास्त वेळ, तुकडे होत, शेपटी सोडत काही सरकत गेलं तर ते रॉकेटचं किंवा उपग्रहाचं कोसळणारं अंग असण्याची शक्यता जास्त. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भानं असाच देखावा पाहिला. पुष्कळांना तो उल्कापात वाटला. मग चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी सांगितलं. असं काही शेतात सापडलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा.

दिसलेली उल्का वर्षावातलीच का, हे पाहायला तिची रेघ मनानं मागे ओढा. ती पुनर्वसूपाशी पोचली तर जेमिनिड. भलतीकडेच गेली तर सुटी उल्का; अशा वर्षभर कुठल्याही रात्री पडतात.

वही आणि कॅमेरा

वहीत वेळ, दिशा, अंदाजे तेज (अत्रीपेक्षा उजळ की शुक्रासारखी), रंग आणि मागे धूसर रेघ राहिली का, एवढं लिहा. दर पंधरा मिनिटांचा आकडा वेगळा ठेवा आणि वरच्या बाजूला अत्री-अरुंधतीचं माप. मापाशिवायच्या आकड्याची पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करता येत नाही. मोठा अग्निगोल दिसला तर आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या वेबसाइटवर फॉर्म भरता येतो. दोन-तीन गावांतून नोंदी गेल्या तर त्याचा मार्ग काढता येतो, म्हणून "आपण भरून काय होणार" असं म्हणू नका.

कॅमेऱ्यासाठी चांदणं इतकं वाईट नसतं. रामटेकचा गड चंद्रप्रकाशात आपोआप उजळलेला मिळतो. अंधाऱ्या रात्रीसारखं तीस सेकंद शटर उघडं ठेवलं तर फोटो पांढरा पडेल. पाच ते आठ सेकंद ठेवा, रुंद लेन्स, आयएसओ आठशेच्या आसपास, आणि एकामागून एक फोटो घेत राहा. चंद्र फ्रेमबाहेर. ट्रायपॉडवर मोबाइल लावूनही एखादी सापडते, पण स्क्रीन झाकून ठेवा.

आणि अंधार असेल तेव्हा

२०२६ चे जेमिनिड्स २०२७ च्या अगदी उलटे आहेत. १४ डिसेंबर २०२६ ला चंद्र कोवळा असून रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो, त्यानंतर पहाटेपर्यंत काळंभोर आकाश. त्या रात्री गच्चीवर थांबू नका. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, वाघोडा, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलून जमिनीकडे वळवले आहेत. नागपूरहून जबलपूर रस्त्यानं जाता येतं. रात्री जंगलाच्या रस्त्यावर फिरायची परवानगी नसते, म्हणून उजेड असतानाच पोचा आणि मुक्कामाची सोय महिनाभर आधी करा. डिसेंबरात सफारीवाल्यांची गर्दी असते आणि खोल्या भरलेल्या असतात.